दुसऱ्याच्या हातचा शेवट

गोष्ट सांगणाऱ्याला कुठेही एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते : ‘मग पुढे काय झाले?’ मी शाळेत चित्रकला शिकवते. पण एखाद्या बाई रजेवर असल्या की त्यांचा वर्गही माझ्याकडे येतो आणि कागद-रंग बाजूला ठेवून गोष्ट सांगावी लागते. राक्षस मेला, राजकन्या सुटली, लग्न लागले, जेवणाच्या पंगती उठल्या, तरी मागच्या बाकावरचे एखादे पोर हात वर करतेच. ‘बाई, पुढे?’ ‘पुढे काय असणार? सुखाने नांदू लागली.’ ‘पण म्हणजे काय काय केलं?’ त्या पोराला वाटते, बाईंना सगळे ठाऊक आहे; तास संपत आला म्हणून त्या सांगत नाहीत, एवढेच.

मोठ्या माणसांचेही फारसे निराळे नसते. आवडलेले पुस्तक मिटताना माहेराहून निघताना वाटते तसे काहीसे वाटते. म्हणून तर पुस्तकांचे दुसरे भाग निघतात आणि ते वाचून निराश झालेले लोक तिसऱ्याची वाट पाहतात. लेखक हयात आहे तोवर हा व्यवहार सोपा असतो : वाचकाने मागावे, लेखकाने द्यावे किंवा देऊ नये. पंचाईत होते ती लेखकच मधेच उठून गेला तर. अर्धे लिहिलेले मागे राहते. ते कपाटात ठेवायचे, आहे तसे छापायचे, की दुसऱ्या कोणी पुढचे लिहून पुरे करायचे?

दोन वर्षांपूर्वी कोणी मला हे विचारले असते तर मी चहाच्या कपाबरोबर काही तरी मत दिले असते आणि विसरून गेले असते. यंदा मात्र हा प्रश्न एका कापडी पिशवीत बसून माझ्या घरी आला.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्या घरात अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेचा शिक्षणक्रम पुरा केला आणि शाळेला लागले. कादंबरी लिहिण्याची अवदसा आठवली ती लग्नानंतर. ती पहिली कादंबरी ज्यांनी हस्तलिखितात वाचली, ते आमचे सर गेल्या वर्षी पावसाळ्यात वारले. शाळकरी मुलीचा निबंध तपासावा तशी त्यांनी ती लाल पेन्सिलीने तपासली होती. एका पानावर शेरा होता : ‘इथे पात्र रडते आहे की तू रडते आहेस?’ तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे. लिहायला बसले की तो आपला आपणच समोर येतो.

सरांचे गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पैठणजवळ लालबहादूर शास्त्रींनी त्या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. ह्या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत सरांचे बालपण बसते. गोदावरी अडली, नाथसागर भरला, मराठवाड्याच्या कोरड्या शिवारांत पाटाचे पाणी खेळले, हे सर नेहमी आधी सांगत. आणि मग गावच्या शाळेच्या ओट्याविषयी बोलत. त्या गावाच्या उठण्यावर त्यांनी एकच कादंबरी लिहिली. फार गाजली नाही; पण ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती परत दिली नाही. पुढची वीस वर्षे ते तिच्या दुसऱ्या भागाशी झगडत होते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. त्याविषयी विचारायचे नसते, हेही ठाऊक होते.

आषाढात काकू आल्या. पिशवीतून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

‘तुझ्या सरांचा दुसरा भाग. शेवटाची तेवढी प्रकरणं राहिलीत. तू पुरं कर.’

‘काकू, अहो, सरांसारखं मला कसं लिहिता येईल?’

‘त्यांच्यासारखं लिही असं कुठं म्हणाले मी? पुरं कर म्हणते. अर्ध्या पुस्तकाला कोण विचारतंय?’

त्या एका प्रकाशकाकडे जाऊन आल्या होत्या. त्याने पाने चाळली आणि शेवट घेऊन या, मग बघू, असे सांगितले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकले असे मला म्हणता येणार नाही.

काकू गेल्यावर गठ्ठा सोडला. पहिल्या भागाला शंभर वर्षे लोटून गेली आहेत. नाथसागर गाळाने भरला आहे आणि पाऊस वाट चुकला आहे. माणसे टँकरमागून गावोगाव फिरत असतात. ज्याच्याकडे पाण्याची चिठ्ठी नाही त्याला नाव नाही. जुनी कागदपत्रे बाळगणे हा गुन्हा ठरला आहे, कारण कागदपत्रांत गावे असतात आणि गाव असले की मागणी येते. अशा काळात एक मुलगी शाळेचा जुना हजेरीपट पोटाशी बांधून त्या भेगाळलेल्या गाळावर येते आणि शाळा कुठे होती ते शोधू लागते. ती खणते. दोन हात खाली तिला दगड लागतो. तो उंबरा असावा असे तिला वाटते. आणि इथे लिहिणे थांबले आहे. शेवटचे वाक्य अर्धे आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद यायचे राहिले आहे. आपल्या मराठीत सगळा निकाल क्रियापदाच्या हाती. ते येईपर्यंत घडले की नाही घडले, काहीच कळत नाही.

गठ्ठा परत बांधताना मला आठवण झाली ती एका इंग्रजी पुस्तकाची. मी शहागंजात राहते. घड्याळाच्या मनोऱ्यापलीकडे, भाजीबाजाराच्या अंगाला, एवढे सांगितले की कोणीही रिक्षावाला घरापाशी आणून सोडतो. इथे सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. ईद असो की दिवाळी, कपडे, बांगड्या, फळे आणि माणसे ह्यांची एकच दाटी. ह्याच गर्दीत पूर्वी एक जुन्या पुस्तकांची हातगाडी उभी राहायची. तिच्यावरून मी ‘ए कँटिकल फॉर लीबोविट्झ’ नावाची एक फाटकी कादंबरी उचलली होती. कँटिकल म्हणजे स्तोत्र. माझे इंग्रजी बेताचे. एका हाताशी शब्दकोश आणि दुसऱ्या हाताशी कॉलेजात जाणारी लेक, अशी ती मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचली.

कादंबरी विज्ञानाची, पण तिच्यात यंत्रे थोडी आणि मठ पुष्कळ. अणुयुद्धाने जगाची राख झाली आहे. वाचलेल्या लोकांचा राग शास्त्रज्ञांवर, मग सगळ्याच शिकलेल्यांवर आणि शेवटी पुस्तकांवर उलटला आहे. वाचता येते एवढ्या अपराधापायी माणसे मारली जातात. लीबोविट्झ नावाचा एक अभियंता संन्यास घेऊन एक संघ काढतो. त्याचे साधू पुस्तके पिंपांत भरून पुरतात, काही तोंडपाठ करतात. तोही मारला जातो. मठ मात्र टिकतो. सहाशे वर्षांनी त्या मठातल्या फ्रान्सिस नावाच्या भोळ्या उमेदवाराला वाळवंटात एका तळघरात ह्या अभियंत्याचे कागद सापडतात. त्यांत एक यंत्राचा निळा नकाशा असतो आणि एक वाणसामानाची यादी. दोन्ही सारख्याच भक्तीने मठात जपली जातात.

त्या नकाशात काय आहे हे फ्रान्सिसला कळत नाही. तरी तो त्याची नक्कल करतो. कातड्यावर, सोनेरी वर्खाने, वेलबुट्टी काढून, पंधरा वर्षे. ती घेऊन पोपच्या दर्शनाला निघतो तर वाटेत दरोडेखोर सोनेरी नक्कल हिसकावून घेतात आणि मळका मूळ कागद त्याच्याकडे तसाच राहू देतात! आम्हां चित्रकलेच्या शिक्षकांचे आयुष्य नकला काढण्यात आणि काढून घेण्यात जाते, त्यामुळे हा फ्रान्सिस मला सख्ख्या भावासारखा वाटला. पुढे आणखी सहाशे वर्षांनी विद्या परत येते आणि त्यानंतर आणखी सहाशे वर्षांनी पुन्हा अणुबाँब येतो. मठातले काही लोक मुलांना आणि जपलेल्या ज्ञानाला घेऊन आकाशयानातून पृथ्वी सोडतात. इतका उपहास आणि इतकी श्रद्धा एकाच पुस्तकात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लिहिणारा वॉल्टर मिलर हा अमेरिकेचा. १९२३ साली जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या शेपटीकडची तोफ आणि रेडिओ सांभाळायचे काम त्याच्याकडे होते. पन्नासांहून अधिक हल्ल्यांत त्याने भाग घेतला. त्यांतला एक हल्ला इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या मठावरचा होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी बाँबफेकीत जमीनदोस्त झाला. त्यातली ग्रंथसंपदा काही महिने आधीच रोमकडे हलवलेली होती म्हणून वाचली. युद्धानंतर मिलर कॅथलिक झाला आणि १९५५ ते १९५७ ह्या काळात त्याने मठात पुस्तके जपणाऱ्या साधूंच्या तीन लांब कथा लिहिल्या. त्यांचीच ही कादंबरी झाली; १९६१ साली तिला विज्ञानकथांचा मोठा मान, ह्यूगो पुरस्कार, मिळाला. ज्याने मठावर बाँब पडताना वरून पाहिले त्याने कागदावर मठ पुन्हा बांधून काढला, असे मला तरी वाटते.

आणि मग तो गप्प झाला. जवळजवळ पस्तीस वर्षे त्याची नवी कादंबरी आली नाही. माणसांना तो भेटेनासा झाला. स्वतःच्या साहित्यविषयक प्रतिनिधीलाही त्याने कधी समोर येऊ दिले नाही. मनाच्या काळोखाशी त्याची झुंज चालू होती. पण आत कुठे तरी तो दुसरा भाग लिहीत होता. सहाशे पाने लिहून झाली आणि शेवट काही होईना. १९९५ साली त्याची पत्नी वारली; जानेवारी १९९६ मध्ये त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. राहिलेला भाग टेरी बिसन ह्या लेखकाने, मिलरच्याच इच्छेवरून, पुरा केला आणि १९९७ साली तो ‘सेंट लीबोविट्झ अँड द वाइल्ड हॉर्स वूमन’ ह्या लांबलचक नावाने निघाला.

हा दुसरा भाग मी यंदा, काकूंचा गठ्ठा आल्यानंतर, लेकीकडून मागवून घेतला आणि गोष्ट वाचण्यापेक्षा शिवण शोधत वाचला. शिंपी एवढा चांगला की ती मला सापडली नाही. का माझ्या इंग्रजीची नजर तेवढी तीक्ष्ण नाही, देव जाणे. गोष्ट पुढच्या काळाची नसून पहिल्या पुस्तकातल्या मधल्या कथेनंतरच्या साधारण ऐंशी वर्षांनी घडणारी आहे. ब्लॅकटूथ नावाचा साधू. भटक्या टोळीत जन्मलेला, मठात वाढलेला. जुने ग्रंथ टोळीवाल्यांच्या बोलीत उतरवण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले आहे. टोळीवाल्यांना ते वाचायचे नाहीत आणि त्याला ते लिहायचे नाहीत. मठ सोडू द्या म्हणून तो विनवतो. पुढे राजकारण, लढाया, एक मुलगी, पोपची निवडणूक असा मोठा पसारा आहे. पहिल्या पुस्तकाची शिस्त ह्यात नाही. कित्येक ठिकाणी मी दमले. पण ज्या कामाची शपथ घेतली ते करवत नाही आणि सोडवतही नाही, अशा माणसाची तगमग इतकी खरी उतरली आहे की पस्तीस वर्षांचे ते मौन काय असेल ह्याची कल्पना मला ह्याच पुस्तकाने आणून दिली. हे पुस्तक कपाटात कुलूपबंद राहिले असते तर जगाचे नुकसान झाले असते, हे मी शपथेवर सांगेन.

बिसन स्वतः नावाजलेला कथाकार. त्याच्या एका कथेला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेले. पण ह्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव नाही. मिलरने सोडून दिलेले धागे मी फक्त बांधून टाकले, अशा अर्थाचे तो बोलला आणि बाजूला झाला. जानेवारी २०२४ मध्ये तोही गेला. त्या सहाशे पानांनंतर नेमके किती त्याचे, हे साध्या वाचकाला आता कळायचे नाही.

इथवर आल्यावर मला वाटले, परक्या मुलखात कशाला जायचे? आपल्याकडे हे काम जुनेच आहे. आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द कुठून आला? बाणभट्टाच्या नायिकेच्या नावावरून. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात, बाणाने ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि ती अर्धी टाकून तो गेला. पुरी केली ती त्याच्या मुलाने. उत्तरार्धाच्या आरंभी तो सांगतो की, वडील गेल्याने कथेचा ओघ तुटला ह्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून मी हे करतो आहे, कवित्वाचा गर्व म्हणून नव्हे. म्हणजे पाहा, मराठीत ज्या शब्दाखाली आम्ही सगळे लिहितो तो शब्दच मुळी दुसऱ्याने पुऱ्या केलेल्या पुस्तकाचा आहे.

आणि पैठण तर आमच्या शहरापासून पन्नास किलोमीटरवर. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहायला घेतले. युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झाला आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. पुढचे रामायण त्यांच्या घरी वाढलेल्या गावबाने पुरे केले. परंपरा मोठी गोड आहे. गावबाला पुरणपोळीचे वेड. आईने कंटाळून त्याला नाथांच्या वाड्यात आणून सोडला, कारण तिथे पंगतीला तोटा नव्हता. लोकांच्या लेखी तो मंद. नाथांनी मंत्र देऊ केला तर म्हणाला, मला ‘एकनाथ’ ह्याशिवाय दुसरा मंत्र येत नाही. आणि पंडित शिष्य सोडून नाथांनी ग्रंथ पुरा करायला सांगितला तो ह्याला! दिवाळीत नव्हे, पण होळीला पुरण वाटताना मला ह्या मुलाची आठवण होतेच.

पण ह्याच एकनाथांची दुसरी गोष्टही आहे आणि तिने मला खरे अडवले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली. उतरवणाऱ्यांनी चुका केल्या, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. नाथांनी जुन्या पोथ्या जमवून, ताडून, १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवले, की ह्या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी वाढली असे समजावे. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणते तर एखादी ओवी बेमालूम बसवू शकले असते. त्यांनी तीनशे वर्षांची धूळ झाडली, एवढेच केले.

मग नाथांचे खरे मानायचे कोणते? एका ग्रंथाला बोट लावू नका म्हणणारे, की आपला ग्रंथ पुरणपोळीवाल्या पोराच्या हाती देणारे? पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला उमगले ते असे, की ह्यात विरोध नाही. ज्ञानेश्वरी पुरी झालेली होती. तिला भर नको होती. रामायण अपुरे होते आणि ते ज्याचे होते त्याने स्वतः हात निवडला होता. गावबाला गुरूने सांगितले, बिसनकडे मिलरच्या इच्छेने काम आले, बाणाच्या मुलाने तर आधी कारण सांगून, हात जोडून मगच लेखणी उचलली. सरांनी मला सांगितलेले नाही. वीस वर्षांत दर रविवारी मी त्यांच्याकडे जात होते. सांगायचे असते तर सवड पुष्कळ होती.

हे काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘त्यांनी मला तरी कुठं काय सांगितलं? जाणाऱ्यानं सगळं सांगून जायचं असतं होय? मागं राहिलेल्यांनी बघायचं असतं.’ ह्याला उत्तर नव्हते. त्या पुस्तकासाठी चाळीस वर्षे ज्या बाईने घरात रेडिओ मोठ्याने लावला नाही, तिचा त्यावरचा हक्क माझ्या सगळ्या विचारांहून मोठा आहे.

म्हणून मी लिहून पाहिलेही. ते अर्धे वाक्य वर ठेवले आणि खाली तीन कागदांवर तीन क्रियापदे घातली. एकात मुलीला उंबरा सापडला. दुसऱ्यात तो नुसता धोंडा निघाला. तिसऱ्यात तिने तो पुन्हा मातीखाली झाकून टाकला. प्रत्येकापुढे दोन दोन पाने लिहिली. तिन्ही वाचवण्यासारखी झाली, हे मी खोट्या विनयाने लपवत नाही. पण क्रियापद बदलले की मागची तीनशे पानेही बदलत होती. उंबरा सापडला तर ती घराची कादंबरी; धोंडा निघाला तर फसवणुकीची; झाकून टाकला तर आणखी कशाची तरी. सरांची कोणती? आणि तिन्ही कागदांच्या समासात मला तो लाल पेन्सिलीचा शेरा दिसत होता : इथे पात्र रडते आहे, की तू?

दरवर्षी मी मुलांना अजिंठ्याला घेऊन जाते. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे अशी लेणी पाहून झाली की बाकीचे शिक्षक पोरांना डबे उघडायला बसवतात. मी मात्र चित्रकलेच्या मुलांना चोविसाव्या लेण्यापाशी नेते. ते अपुरे आहे. पुरे झाले असते तर तिथल्या मोठ्या विहारांत मोजले गेले असते. भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच आहेत, खांब काही ठिकाणी कातळातून अर्धेच सुटलेले. कारागीर छताकडून खाली कसे येत, आधी खाचा कशा पाडत, हे जे पुऱ्या झालेल्या लेण्यांत कधीच दिसत नाही ते इथे पोरांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. एका मुलाने एकदा विचारले, ‘बाई, सरकारनं हे आता पूर्ण का नाही केलं?’ बाकीची पोरे हसली. मी हसले नाही. पण पूर्ण केले नाही म्हणून बरे झाले, एवढेच तेव्हा मला सांगता आले.

तर मी फ्रान्सिसचे काम पत्करले आहे. सरांची पाने मी उतरवून काढते आहे. सुवाच्य अक्षरात, एकही शब्द पदरचा न घालता. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. त्यांचे ‘थ’ आणि ‘य’ एकसारखे; खोडलेल्या ओळीवर लिहिलेली ओळ, तिच्यावर बाण, बाण पुढच्या पानावर. कुठली खोड शेवटची हे ठरवायला कधी कधी एक संध्याकाळ जाते. पुष्कळ पाने पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली आहेत. त्यांतल्या एकाच्या पाठीवर मला एक यादी मिळाली : साबुदाणा अर्धा किलो, उटणे, पणत्या दोन डझन, खोबरेल, उदबत्ती, आणि शेवटी चष्म्याची काच. मला हसू आवरेना. लीबोविट्झच्या यादीची गोष्ट सांगावी म्हणून मी तो कागद काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

‘परवाच्या दिवाळीची आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं आणलं. काच तेवढी राहिली.’

गोष्ट सांगायची माझ्याकडून तशीच राहिली. ती यादीही वहीच्या शेवटी, वेगळ्या पानावर उतरवायची, असे मात्र आमचे तिथल्या तिथे ठरले.

शेवटाचे अजून ठरलेले नाही. माझे म्हणणे असे, की पुस्तक त्या अर्ध्या वाक्यापर्यंतच छापावे, थोड्याच प्रती काढाव्यात, खर्च आम्ही विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. क्रियापदाची जागा कोरी सोडावी. कोणाला त्या मुलीचे पुढे काय झाले हे लिहावेसे वाटले तर त्याने ते आपल्या नावाने, आपल्या पुस्तकात लिहावे. उद्या कदाचित मीही लिहीन. काकूंचे म्हणणे, अर्ध्यावर सोडलेले घर पाहुण्यांना दाखवत नाहीत. त्यांनी होकारही दिलेला नाही आणि गठ्ठा परतही मागितलेला नाही.

चाळीस पाने उरली आहेत. दिवाळीची सुट्टी लागली की ती होतील. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शहागंजातली गर्दी ओसरते. तेव्हा वही आणि फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. शेवटचे पान त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगेन. तिथे पोचल्यावर त्या थांबतात, की आपल्याच तोंडाने एखादे क्रियापद उच्चारतात, हे मला पाहायचे आहे. उच्चारले, तर ते लिहून घ्यायला पेन्सिल बरोबर नेणार आहे.